शब्द सोडून सगळं

९ जानेवारी

चि. भुंग्या,

अनेक आशीर्वाद. तुझी इच्छा म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. सगळं जग फोनवर बोलतं आणि आमचे बंधुराज म्हणतात, फोन नको ताई, पत्र लिही, कामात खंड पडतो. तुझ्या घरमालकीणबाईंकडे मी किती वेळा फोन लावला असेल. दर वेळी त्या सांगतात, खोलीतच आहेत, पण दार वाजवलं तरी येत नाहीत. एवढा कसला रे मोठा माणूस झालास? दिवसभर कानाशी धडाडधूम वाजवणाऱ्याला बहिणीचा आवाज दोन मिनिटं सोसत नाही म्हणजे कमाल आहे.

आई आता आमच्याकडेच राहायला आली आहे. तब्येत जरा नरम आहे. उजव्या हातात जोर राहिला नाही, पेन धरवत नाही, चालताना भिंतीचा आधार घेते. घाबरण्यासारखं काही नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते, एवढं मला कळतं.

स्वभाव मात्र विचित्र झालाय तिचा. स्वयंपाकघरातून हाका मारून माझा घसा बसतो, पण ही ढिम्म. समोर जाऊन उभं राहिलं की मग शांतपणे "काय गं?" म्हणते. सगळा जन्म यंत्रमागावर उभं राहून काढला, आम्हाला वाढवलं, आता तिला कुणाचं ऐकायचं नसेल तर तो तिचा हक्कच आहे, असं तुझे भावोजी म्हणतात. सासूची बाजू घेणारा नवरा मला मिळावा, हेही माझंच नशीब.

तुझी आठवण मात्र रोज काढते. मागच्या वेळी येऊन गेलास, तेव्हापासून तिचं काहीतरी बिनसलंय. तू गेल्या गेल्या तिने मला विचारलं, भुंग्या फोन कुठल्या कानाला लावतो गं? आता याला काय उत्तर देणार?

दोन दिवस तरी येऊन जा.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार, लांबूनच. समोर असतो तर तू कान धरला असतास.

घरमालकीणबाईंचं खरं आहे. आता त्या दार वाजवायच्या भानगडीतच पडत नाहीत, दाराखालून चिठ्ठ्या सरकवतात. "आवाज कमी करा." "पाणी गेलं आहे." "आवाज कमी करा म्हटलं ना." माझ्याकडे गठ्ठा जमलाय. खाली त्यांचं धोबीकाम चालतं, इस्त्रीची वाफ माझ्या खिडकीतून वर येते आणि माझा ठेका त्यांच्या छतातून खाली जातो. फिट्टंफाट.

ताई, एक आनंदाची बातमी. एका कंपनीने माझा मिक्स अल्बम काढायचं ठरवलं आहे. ट्रान्स संगीताचा, म्हणजे मी डीजे म्हणून लोकांना रात्र रात्र नाचवतो त्या संगीताचा. गाणी माझी नाहीत. इतरांनी केलेली शेकडो गाणी ऐकायची, त्यातली थोडी निवडायची, कुणाच्या मागे कोण ते ठरवायचं, आणि एक संपता संपता दुसरं त्यात असं मिसळायचं की सांधा कुणालाही कळता कामा नये. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की एकच गाणं तासभर चाललंय आणि ते आपल्याला हळूहळू कुठेतरी घेऊन जातंय. तू लगेच म्हणशील, आयत्या बिळावर नागोबा. म्हण. पण नागोबालाही बीळ निवडावं लागतं.

येणं मात्र आत्ता जमणार नाही. हे काम एप्रिलच्या आत संपवायलाच हवं. लांबलं तर मग ते माझ्याच्याने होणार नाही. याहून जास्त विचारू नकोस.

आईला सांग, मी नीट जेवतो, नीट झोपतो.

तुझा,
भुंग्या


११ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

अभिनंदन. नागोबाची आई फार खूश झाली. तुझं पत्र मी तिला समोर बसून वाचून दाखवलं. सांधा कळता कामा नये, हे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं आणि हसली. म्हणाली, धागा तुटला की आम्हीही तो असाच सांधायचो, कापडावर गाठ दिसली की मुकादम पगार कापायचा. म्हणजे पोरगा माझंच काम करतोय की. आजूबाजूच्या बायकांना सांगत सुटली आहे. कशाचा अल्बम, ते कुणालाच कळलेलं नाही, पण सगळ्यांना कौतुक आहे.

आता ऐक. तिला तुला काहीतरी लिहायचं होतं. हात चालत नाही म्हणून मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तर नाही म्हणाली. ते माझं आणि त्याचं आहे, तू मधे नको. शेवटी तुझे भावोजी टेपरेकॉर्डर घेऊन आले. तिने मला खोलीबाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बोलत बसली. बाहेर आली तेव्हा दमलेली होती, पण चेहरा मोकळा झाला होता. कॅसेट माझ्या हातात देताना मला शपथ घातली की ऐकायची नाही. मी पाळली. पाकिटात घालताना जीव किती तुटला ते माझं मला माहीत. पोटच्या पोरीपेक्षा पोराला जास्त सांगायचं असतं आयांना, ते काही नवीन नाही.

कॅसेट सोबत आहे. ऐक, आणि तिला काय ते ताबडतोब लिही. ती टपालाची वाट बघत दारातच खुर्ची टाकून बसते.

ताई


४ मार्च

ती. ताईस,

स. न. कॅसेट मिळाली. ऐकली. आईचा आवाज इतक्या दिवसांनी कानावर पडला, फार बरं वाटलं. तिला म्हणावं काळजी करू नकोस.

काम जोरात आहे. निम्म्यापर्यंत पोचलोय. मधे एक जागा आहे, तिथे ठेका पूर्ण थांबतो. नाचणारी माणसं थबकतात, हात वर करून उभी राहतात आणि ठेका परत यायची वाट बघतात. आमच्या संगीतात तीच सगळ्यात अवघड जागा. तिथे काय ठेवावं ते मला कित्येक दिवस सुचत नव्हतं. आता सुचलं आहे.

भावोजींना नमस्कार.

भुंग्या


१२ मार्च

भुंग्या,

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. फारसं वाचण्यासारखं त्यात नव्हतंच. तिने विचारलं, ऐकली, एवढंच लिहिलंय? मी म्हटलं हो. थोड्या वेळाने परत विचारलं, येतो, असं कुठेच नाही? मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी जेवलीही नाही.

तिने तुझ्याकडे काय मागितलं ते मला माहीत नाही. पण जे मागितलं असेल ते दे तिला. कधी कुणाकडे काही मागणारी बाई नाही ती.

माझं तोंड बांधलेलं आहे, नाहीतर आणखी लिहिलं असतं. एवढंच सांगते, एप्रिलची वाट बघू नकोस. अल्बम पळून जात नाही.

ताई


३० एप्रिल

भुंग्या,

आईला जाऊन महिना झाला. रागावून लिहू नये म्हणून इतके दिवस थांबले, पण राग गेलेला नाही, तेव्हा तसंच लिहिते.

तिला पहिला झटका डिसेंबरातच आला होता. दुसरा आला तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुला कळवायचं नाही, म्हणून तिने मला शपथ घातली होती. त्याचं काम होऊ दे म्हणाली. मी मूर्खासारखी ती शपथ पाळली. माझी चूक मला मान्य आहे. पण तुझं काय? तिने स्वतःच्या तोंडाने तुला बोलावलं असणार त्या कॅसेटमधे, दुसरं काय असणार? ते ऐकूनही तू बसून राहिलास. मी फोन केला तेव्हाही तू आला नाहीस फोनवर. घरमालकीणबाईंनी "आई गेली" अशी चिठ्ठी दाराखालून सरकवली, तेव्हा कुठे तुला कळलं. असं कळतं का रे कुणाला?

आणि आलास तेव्हा तरी काय केलंस? कोपऱ्यात बसून राहिलास. माणसं येऊन बोलत होती, तू नुसती मान हलवत होतास. आईबरोबर मागावर काम केलेल्या मावशींनी विचारलं, शेवटचं कधी भेटलास आईला? तू म्हणालास, हो, जेवलो. त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना मी तुझ्या मागून दारापर्यंत आले. म्हणाले, भुंग्या, राहा रे चार दिवस, मला हे घर खायला उठतं. तू मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीस.

आता तुला पत्र लिहिणार नाही. सुखी राहा.

ताई


१४ मे

ताई,

तू दारात काही म्हणालीस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला ऐकू आलं नाही. मी शपथेवर सांगतो.

माझे कान चालले आहेत, ताई. उजवा जवळजवळ गेलाच आहे, डावा चालला आहे. इतकी वर्षं स्पीकरच्या तोंडाशी उभा राहिलो त्याचं फळ. डॉक्टर म्हणाले, डाव्यातलं उरलंसुरलं या वर्षात जाईल. म्हणून एप्रिल. कंपनीची घाई नव्हती, घाई माझी होती. या कामासाठी मी जगलो आणि एकदाच ते नीट करून ठेवायचं होतं.

तुला वाटेल, बहिरा माणूस संगीत कसं करतो. हे एकदम अंधार झाल्यासारखं होत नाही. ठेका येतो, छातीत, पायाच्या तळव्यात. हात स्पीकरवर ठेवला की दोन गाणी एका लयीत चालली आहेत की नाही ते कळतं. माणसाचा आवाजही येतो, चढतो, उतरतो, रागावलाय की हसतोय तेही कळतं. फक्त शब्द येत नाहीत. शब्द सगळ्यात आधी गेले. फोनवर तर काहीच उरत नाही, म्हणून पत्रं. मावशींनी काय विचारलं ते मला कळलं नाही. जेवलास का असं असेल, म्हणून उत्तर दिलं. सगळे तेच विचारत असतात.

कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐकू न येणारा डीजे म्हणजे लोकांना नुसता विनोद. आणि आईला कळलं तर ती खचेल असं वाटलं. तू शपथेत अडकलीस, मी लाजेत. तिच्या वाट्याला आपल्या दोघांचं गप्प बसणं आलं.

अल्बम निघाला. सीडी वेगळ्या पाकिटाने पाठवली आहे. वाटलं तर ऐक, नाहीतर ठेवून दे.

भुंग्या


२ जून

भुंग्या,

तुझं पत्र वाचून मी दुकानातून रजा घेतली. मी तुला जे लिहिलं ते मागे घेता येत नाही, पण मला माफ कर.

नंतर सीडी लावली. मला त्यातलं काही कळत नाही, तुला माहीतच आहे. सुरुवातीला डोकं उठलं. मग हळूहळू सवय झाली, भांडी घासता घासता पाय हलायला लागला, हेही खरं. आणि मग ठेका थांबला. सगळं लांब गेल्यासारखं झालं आणि त्यातून आई बोलायला लागली.

माझ्या हातातली बशी फुटली. आवाज इतका घुमवलाय, लांबवलाय, की गाणं वाटावं. पण आईचा आवाज मला कळणार नाही होय? मी तो तुकडा किती वेळा लावला असेल. "भुंग्या" एवढंच स्पष्ट येतं. पुढे नुसता घुमारा.

आता मला एकच सांग. शब्द आधी गेले म्हणतोस. मग ऐकली असं लिहिलंस ते काय होतं? आईने काय सांगितलं ते तुला माहीत आहे का?

ताई


१० जून

ताई,

माहीत नाही.

कॅसेट आली तेव्हा खूप वेळा लावली. हेडफोन लावून, स्पीकरवर कान टेकवून. आवाज तिचा होता. मधेच दम खायची, मधेच हसल्यासारखं करायची. शब्द एकही लागला नाही. कुणाला तरी ऐकवून विचारायचं, तर माझं बिंग फुटलं असतं. आणि आईचं बोलणं परक्याला कसं ऐकवू? वाटलं, काय सांगणार, जेव, झोप, जपून राहा. म्हणून "ऐकली" असं लिहून मोकळा झालो.

पण तो आवाज ठेवून द्यायचा होता कुठेतरी, माझे कान आहेत तोवर. म्हणून त्या थांबलेल्या जागेत घातला. तुकडा मीच घरी घुमवून तयार केला आणि मग स्टुडिओत दिला, त्यामुळे तिथेही कुणाला शब्द कळले नाहीत. सगळे म्हणतात, अल्बममधली सर्वांत सुंदर जागा तीच. लोक तिथे डोळे मिटून उभे राहतात. कंपनीवाले विचारतात, ही गायिका कोण.

कॅसेट पाठवतो आहे. मला सांग. जे असेल ते सगळं सांग, काही गाळू नकोस.

भुंग्या


२५ जून

प्रिय भुंग्या,

कॅसेट ऐकली. जशीच्या तशी लिहून काढते आहे.

"भुंग्या, हे तुला ऐकू येणार नाही ते मला ठाऊक आहे. कुणाकडून तरी ऐकून घे, लाजू नकोस. मागच्या खेपेला आलास तेव्हाच मी ओळखलं. बोलताना तू माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होतास. मागावरच्या बायका तशाच बघतात. आमच्या सगळ्यांचे कान मागांनी खाल्ले, बाळा. तू जन्मलास तेव्हा माझे निम्मे गेले होते. आता तर काहीच येत नाही. ताईला माहीत नाही. कळलं तर ती माझ्याशी ओरडून बोलायला लागेल, ते मला नको. ती समोरून बोलली की मला सगळं कळतं. पाठ करून बोलली की मी नुसतं हो म्हणते.

"मागांच्या खात्यात, त्या खडखडाटात, आम्ही ओठांवरूनच बोलायचो. पलीकडच्या मागावरची बाई काय म्हणते ते मला इथून कळायचं. भांडायचोसुद्धा तसंच. ते शिकवता येतं. कागदावर होत नाही, समोर बसावं लागतं. म्हणून तू ये. हातातलं काम टाकून ये. माझ्याकडे वेळ थोडा आहे, ताई सांगणार नाही, पण थोडा आहे. जमेल तेवढं मी शिकवते. भिऊ नकोस. कान गेले तरी माणूस जगतो, हसतो, पोरं वाढवतो. तुला कधी कळलं का, की तुझी आई बहिरी आहे? नाही ना? मग झालं तर."

एवढंच आहे. शेवटी टेप बंद करायचं बटण तिला सापडत नाही, ती खुडबुड बराच वेळ ऐकू येते.

कंपनीवाल्यांना सांग, बाई गात नव्हती, बोलावत होती. ती जागा काढून टाकावी की ठेवावी ते तू ठरव. मला विचारशील तर राहू दे.

तू स्वतःला बोल लावशील म्हणून तुला माझं सांगते. तू लांब होतास. मी एका घरात राहून काय केलं? मला वाटायचं ती हट्टी झाली आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करते. शेवटच्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीची खिडकी उघडत होते. मनातलं बोलायची मला सवय नाही, समोर बघून तर अजिबात जमत नाही. म्हणून खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "आई, तुला वाटत असेल मी सारखी चिडते, पण तू इथे आहेस म्हणून मला या घरात बरं वाटतं गं." ती हो म्हणाली. ती गेल्यापासून मी त्या एका "हो"वर दिवस काढत होते. आता तेही राहिलं नाही.

मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोराने जेवलो म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं, पण आईनेच सांगितलेलं नाही तर मी कोण सांगणार. त्यांचेही कान नाहीत, ही आणखी एक गोष्ट मला या वयात कळते आहे. त्या तुला शिकवायला तयार आहेत. मीही शेजारी बसून शिकणार आहे. गुडघे दुखतात त्यांचे, जिना चढवत नाही, म्हणून रोज आपणच त्यांच्याकडे जायचं. पण लवकर यायला सांग म्हणाल्या, त्यांचंही वय झालंय.

गाडी कोणती ते कळव. स्टेशनवर मी हाक मारणार नाही. तुझ्यासमोर येऊन उभी राहीन.

तुझी,
ताई